प्राण्यांच्या कानातलं पाणी नाकातल्या फवाऱ्याने गेलं, मग तो फवारा आपल्या पोरांना का मिळत नाही?

तर विषय सुरू झाला कर्वेनगरमधून.

माझी मावसबहीण तिथं राहते. तिची मुलगी साडेचार वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून पोरगी टीव्हीचा आवाज वाढवायला लागली, तिसऱ्या हाकेला ओ द्यायला लागली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, पण लक्ष नसतं हो तिचं. ताईने आधी रागावून बघितलं. मग घरातला मोबाईल बंद करून बघितला. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात बॅटरी मारून पडदा बघितला, एका मशीनचं बोंडूक कानाला लावलं, कागदावर डोंगरासारखा यायला हवा तो आलेख सपाट आला. निदान झालं, "पडद्याच्या मागे पाणी साठलंय. तीन महिने वाट बघू."

वाट बघू हे शब्द कुठल्याही आईला पटत नाहीत. त्यात संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. ऑपरेशनची गरज नाही, नाकातून घ्यायचा फवारा, कानातलं पाणी गायब, अमेरिकेत प्राण्यांवर प्रयोग यशस्वी वगैरे वगैरे. ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "तू पत्रकार आहेस ना, बघ जरा खरं आहे का. घरात नेब्युलायझर पडलाच आहे."

बघितलं. आणि गंमत अशी, की मेसेज सगळा खोटा नव्हता. प्रयोग खरंच झाले होते. फरकही खरंच पडला होता. पण त्याच्या पुढची गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने गाळली होती, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

हे पाणी येतं कुठून?

पहिला गैरसमज आधी काढू. हे पाणी अंघोळीचं नाही, पोहण्याच्या तलावातलंही नाही. बाहेरून कानात गेलेलं पाणी पडद्यापाशी अडतं. आपण बोलतोय ते पाणी पडद्याच्या आतल्या बाजूला, मधल्या कानात साठतं आणि ते शरीरातूनच पाझरतं.

मधला कान म्हणजे वाटाण्याहून थोडी मोठी, हवेने भरलेली पोकळी. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं असतात आणि पडद्याची थरथर ती आत पोहोचवतात. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. नळीचं नाव युस्टेशियन नलिका, सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमिओ युस्टाकी या इटालियन शरीररचनातज्ज्ञावरून पडलेलं.

या नळीची ओळख तुम्हाला आहे. ताम्हिणी घाट उतरताना कानाला दडे बसतात, मग आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो आणि टक्‌ करून कान मोकळा होतो. तो टक्‌ म्हणजे ही नळी उघडल्याचा आवाज. एरवी ती मिटलेली असते. गिळताना क्षणभर उघडते, मधल्या कानात ताजी हवा जाते, दाब सारखा होतो.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्मी, जास्त मऊ आणि जवळजवळ आडवी. त्यात सर्दी झाली, आतून सूज आली, मागे ॲडेनॉइडची गाठ वाढली की नळी उघडेनाशी होते. आत अडकलेली हवा हळूहळू रक्तात शोषली जाते, पोकळीतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरायला लागतो. सुरुवातीला पातळ. पुढे कधी कधी इतका घट्ट, की डिंकच. म्हणून इंग्रजीत याला 'ग्लू इअर' म्हणतात.

यात कान दुखत नाही. ताप नाही, कान वाहत नाही. पोरगं खेळतंय, खातंय. फक्त त्याला कमी ऐकू येतं, सरासरी २५ ते ३० डेसिबलने. दोन्ही कानांत बोटं घालून घरातलं बोलणं ऐकून बघा, अंदाज येईल. साडेचार वर्षांच्या मुलीला हे सांगता येत नाही, कारण तिच्या दृष्टीने जगच हळू बोलायला लागलेलं असतं. मग मोठी माणसं म्हणतात, लक्ष नसतं.

आता एक आकडा. शाळेत जायच्या वयापर्यंत साधारण ९० टक्के मुलांच्या कानात एकदा तरी असं पाणी साठतं आणि बहुतेकांचं तीन महिन्यांच्या आत आपोआप जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. जो आजार आपोआप बरा होतो, त्याच्यावर काहीही दिलं तरी ते लागू पडल्यासारखं वाटतं. कानात लसणाचं तेल घाला, ओव्याची पुरचुंडी शेकवा, तीन महिन्यांनी पाणी गेलेलं असण्याची शक्यता भरपूर. श्रेय पुरचुंडीला.

म्हणून इथं 'आमच्या पोराला फरक पडला' याला किंमत शून्य. तुलनेसाठी औषध न दिलेला दुसरा गट लागतोच.

फवाऱ्याची कल्पना आली कुठून?

ही कल्पना आली फुप्फुसातून.

पावसात ओली झालेली प्लास्टिकची पिशवी उघडून बघितली आहे का कधी? दोन्ही बाजू अशा चिकटतात की नखाने सोडवाव्या लागतात. चिकटवते कोण, तर मधला पाण्याचा पातळ थर. त्याला पृष्ठताण म्हणतात. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब गेला की बाजू सुटतात, कारण साबण पृष्ठताण कमी करतो.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी ओले फुगे आहेत. ते श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून शरीर स्वतःचा एक साबण तयार करतं. त्याचं नाव सर्फॅक्टंट. अवेळी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा नसतो, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. १९६३ मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना दिल्याचं प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. आज पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नवजात विभागात हे औषध नेहमीचं आहे. मुंबईच्या आयआयटीत डॉ. रिंटी बॅनर्जी यांनीही फुप्फुसाच्या सर्फॅक्टंटवर बरीच वर्षं काम केलंय.

हे सगळं कानाच्या लेखात कशाला? कारण युस्टेशियन नळीच्या आतही असाच साबणासारखा पदार्थ असतो. १९७० च्या दशकात कुत्र्यांच्या नळीतून तो वेगळा काढून तपासला गेला. मग डोक्यात येणारा पुढचा विचार सरळ होता. नळी म्हणजे ओली पिशवी. सूज आली, साबण कमी पडला, पिशवी चिकटली. मग नाकातून तोच साबण फवारला तर पिशवी सुटेल का? आत हवा जाईल का? पाणी उतरेल का?

मला हा विचार फार आवडला, खोटं कशाला बोलू. यात पडद्याला भोक पाडायचं नाही, भूल द्यायची नाही. पण आवडलेली कल्पना आणि सिद्ध झालेली कल्पना यांच्या मध्ये पिंजरे असतात.

गर्बिलाच्या कानात काय झालं?

न्यू जर्सीतले संशोधक अ‍ॅलन मॉटोन आणि कानाच्या शल्यविशारद डॉ. सुजाना चंद्रशेखर यांच्या गटाने २००० साली आणि पुन्हा २००४ साली वैद्यकीय नियतकालिकांत असे प्रयोग प्रसिद्ध केले. प्राणी होता मंगोलियन गर्बिल. लांब शेपटीचा, वाळवंटात राहणारा, मुठीत मावणारा उंदरासारखा जीव.

गर्बिलच का? कारण त्याचा कान. वाळवंटातल्या अनेक कुरतडणाऱ्या प्राण्यांची मधल्या कानाची पोकळी शरीराच्या मानाने प्रचंड असते. घुबडाच्या पंखांची किंवा सापाच्या सरपटण्याची खालच्या पट्टीतली चाहूल ऐकायला ती उपयोगी पडते, असं मानतात. संशोधकाला त्याचा फायदा असा, की सुई घालायला जागा मिळते, आत बघता येतं. या क्षेत्रात दुसरा प्रसिद्ध प्राणी म्हणजे चिंचिला. अँडीज पर्वतातला, मऊ केसांचा, त्याच केसांपायी शिकार होऊन जंगलात जवळपास संपलेला. त्याची ऐकण्याची कक्षा माणसाच्या बऱ्यापैकी जवळ जाते. कान फुटण्याला कारण ठरणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूचा अभ्यास १९७० च्या दशकापासून चिंचिलावर होत आलाय.

प्रयोग ढोबळमानाने असा असतो. जिवाणूच्या बाह्यकवचातला एक विषारी अंश, ज्यात जिवंत जिवाणू नसतो, तो गर्बिलाच्या मधल्या कानात टोचायचा. अस्तर सुजतं, काही दिवसांत पाणी साठतं. सूक्ष्मदर्शकातून पडदा बघून आणि ताईच्या मुलीचा आलेख काढला तशाच तपासणीने पाणी खरंच साठलंय याची खात्री करायची. मग प्राण्यांचे गट पाडायचे. एका गटाला नाकातून सर्फॅक्टंटचा मोजून फवारा, दुसऱ्याला सर्फॅक्टंटमध्ये स्टेरॉइड मिसळून, तिसऱ्याला नाक मोकळं करणारं औषध मिसळून आणि एका गटाला औषधच नाही. त्यानंतर रोज तपासायचं, कुणाचं पाणी किती दिवसांत ओसरतं.

सर्फॅक्टंट मिळालेल्या गर्बिलांच्या कानातलं पाणी औषध न मिळालेल्यांपेक्षा लवकर ओसरलं. 'प्राण्यांवर यशस्वी' म्हणतात ते हे.

अशा कामात आणखी एक मोजमाप केलं जातं, तेही सांगते, कारण ते हुशारीचं आहे. मधल्या कानात बाहेरून हळूहळू हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि नळी किती दाबाला उघडते ते बघायचं. सर्फॅक्टंट दिल्यावर नळी कमी दाबाला उघडली तर ओल्या पिशवीची कल्पना बरोबर. प्राण्यांमध्ये तसं दिसलंही आहे.

आणि हो, अशा प्रयोगांच्या शेवटी बहुतेक वेळा प्राणी मारले जातात. कानाच्या अस्तराचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतात. फॉरवर्डमधल्या 'यशस्वी' या शब्दात हे बसत नाही.

मग माणसांमध्ये काय झालं?

याच कल्पनेवर पुढे अमेरिकेतल्या नोव्हस थेरप्युटिक्स या कंपनीने नाकातून द्यायचं एक औषध पुढे आणलं. नाव होतं ओपी-०२०१. त्यात सर्फॅक्टंटमधले दोन घटक होते. मोठ्या माणसांवर सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. काही चाचण्यांत लोकांना दाब कमीजास्त करता येणाऱ्या खोलीत बसवून त्यांची नळी कशी उघडते तेही मोजलं. मग सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या बाळांवर चाचणी झाली. ती ग्लू इअरवर नव्हती, त्याच्या सख्ख्या भावंडावर होती, म्हणजे कानाच्या तीव्र संसर्गावर, ज्यात कान ठणकतो आणि ताप येतो.

२०२० मध्ये निकाल आला. औषध सुरक्षित वाटलं, पण अपेक्षित फायदा दिसला नाही. कंपनीने वेगळ्याच आजाराकडे मोर्चा वळवला आणि २०२१ मध्ये नाव बदलून एलेडॉन केलं.

म्हणजे मेसेज आला त्या संध्याकाळी 'अमेरिकेतल्या यशस्वी फवाऱ्या'ची अवस्था अशी होती, की त्याच्यामागे उभी राहिलेली कंपनी त्याला सोडून निघून गेली होती.

गर्बिलात जमलं ते बाळात का अडलं?

याचं एकच उत्तर नाही, आणि ज्या एका मोठ्या चाचणीबद्दल बोलतोय ती दुसऱ्या अवस्थेवर होती हेही ध्यानात ठेवायला हवं. पण काही फरक डोळ्यांसमोर आहेत.

गर्बिलाच्या कानातलं पाणी आपण सुई टोचून आणलेलं असतं. एक दिवस, एक डोस, एक कारण. पोराच्या कानातलं पाणी महिनोन्‌महिने मुरलेलं असतं. मध्ये तीन सर्द्या झालेल्या असतात, बालवाडीत शेजारच्याची चौथी लागलेली असते, घरात कुणी सिगारेट ओढत असतं. पातळ, ताजं पाणी नळी उघडल्यावर उतरेल. डिंक उतरेल का?

शिवाय पोराच्या नळीच्या तोंडाशी ॲडेनॉइड असते, तीही अनेकदा सुजलेली. फवारा त्या गाठीवर बसणार, की कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडात शिरणार? आणि दोन वर्षांचं मूल फवारा दिसला की काय करतं ते तुम्हाला माहितीये. रडतं, मान फिरवतं, शिंकतं. गर्बिलाला हातात धरून देता येतो.

आणि पुन्हा तेच. बाळांमध्ये औषध न मिळालेला गटही बरा होत असतो. त्याच्यापेक्षा ठळक फरक दाखवणं अवघड जातं.

हे फक्त सर्फॅक्टंटचं नाही. नाकातला स्टेरॉइड फवारा घ्या, जो आपल्याकडे सर्रास लिहून दिला जातो. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या २१७ मुलांवर त्याची नीट चाचणी झाली आणि २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ती छापली. एका महिन्यानंतर खऱ्या फवाऱ्याने ४१ टक्के मुलं बरी झाली होती. खोट्या फवाऱ्याने ४५ टक्के. वाचा पुन्हा. खोटा फवाराच पुढे. अर्थात इतका फरक योगायोगात मोडतो, पण औषधाचा फायदा नाही एवढं स्पष्ट झालं. तोंडावाटे द्यायच्या स्टेरॉइडची चाचणी २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. मुलं ३८९. पाच आठवड्यांनी ठीक ऐकू यायला लागलेली मुलं औषधवाल्यांत ४० टक्के, बिनऔषधवाल्यांत ३३ टक्के. हा फरकही योगायोगाच्या बाहेर पडू शकला नाही.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच रोखठोक आहेत. या पाण्यासाठी अँटिबायोटिक नको, ॲलर्जीच्या गोळ्या नकोत, नाक मोकळं करणारी औषधं नकोत, स्टेरॉइड तोंडावाटेही नको आणि नाकातूनही नको. मुलाला वेगळा त्रास असेल, म्हणजे ॲलर्जीची सर्दी वगैरे, तर त्यासाठी औषध द्यावं लागेल, तो भाग वेगळा. तो निर्णय डॉक्टरांचा.

पुण्याने हा धडा एकदा घेतलाय

'श्वासातून द्या, सुई नको' ही कल्पना पुण्याला नवी नाही. गोवराची लस टोचण्याऐवजी मुखवट्यातून हुंगवायची, असा मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यातल्या गावांमध्ये झाला. त्यामागे जागतिक आरोग्य संघटना होती, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. आशिष बावडेकर त्यात प्रमुख होते आणि लस सीरम इन्स्टिट्यूटची होती. ९ ते १२ महिन्यांच्या २००४ बाळांची नोंदणी झाली. अर्ध्यांना सुई, अर्ध्यांना फवारा.

याच्या आधी मेक्सिकोत लाखो मुलांना गोवराची फवारा-लस दिली गेली होती. सगळ्यांना वाटत होतं, जमणार. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. ९१ दिवसांनी सुईवाल्या बाळांपैकी ९४.७ टक्के बाळांत गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती दिसली, फवाऱ्यावाल्या बाळांत ८५.४ टक्के. फवारा चालतो, पण सुईइतका नाही. गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या आजारात नऊ टक्के फार झाले. आपल्या गावांमध्ये सुईच राहिली.

मला हा प्रयोग इथं आठवतो तो यासाठी, की तो 'फसला' असं कुणी म्हणत नाही. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, ते छापलं. गर्बिल ते बाळ या प्रवासातही तेच झालं. फरक एवढाच, की छापलेलं उत्तर व्हॉट्सॲपवर फिरत नाही.

आणि तो घरातला नेब्युलायझर?

कोविडनंतर पुण्यात बऱ्याच घरांत कपाटावर नेब्युलायझर आहे. ताईचा प्रश्न त्यामुळे साधा होता. औषध हुंगायचंच आहे ना, मग त्यातून का नको?

कारण थेंबांचा आकार. नेब्युलायझर आणि दम्याचा पंप साधारण १ ते ५ मायक्रॉनचे बारीक थेंब तयार करतात, म्हणजे ते खाली फुप्फुसापर्यंत पोहोचावेत. कानाच्या नळीचं तोंड आहे नाकाच्या मागे. तिथं औषध थांबवायचं तर थेंब मोठे हवेत, १० मायक्रॉनच्या वर, आणि ते नाकातूनच जायला हवेत. नेब्युलायझरमधलं औषध कानाला चुकवून पुढे निघून जातं. शिवाय दम्याचं औषध दम्यासाठी असतं. विनाकारण दिलं की छातीत धडधड आणि हात थरथरणं हे परिणाम मात्र मिळतात. नाक मोकळं करणारे थेंब आपल्या मनाने दिवसेंदिवस चालू ठेवले तर उलट नाक जास्त चोंदतं.

एक फुगा मात्र आहे. खरंच फुगा. नाकपुडीला नळी लावून नाकाने तो फुगवायचा, त्याने नळी उघडायला मदत होते. ब्रिटनमध्ये ३२० शाळकरी मुलांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. महिन्याभराने फुगा फुगवणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांचं पाणी गेलं, न फुगवणाऱ्यांपैकी ३६ टक्के. जादू नाही, पण फरक खरा. त्यात औषध नाही, कुठला प्राणीही नाही. डॉक्टरांना विचारून मगच, आणि मूल नाकाने फुगा फुगवण्याइतकं मोठं असेल तरच.

तरी प्राण्यांवर प्रयोग करायचेच का?

हा प्रश्न वाचताना तुमच्या मनात आला असेल, तर बरोबर आलाय. गर्बिलात जे दिसलं ते बाळात दिसणार नसेल तर तो जीव कशाला?

याची दुसरी बाजू अशी, की न्यूमोकोकसच्या लशींचं सुरुवातीचं काम चिंचिलांच्या कानांवर झालंय. आणि नाकातून द्यायचं कुठलंही नवं औषध नाकाच्या अस्तराला जाळतं का, वासाच्या नसांना इजा करतं का, हे पहिल्यांदा बाळावर बघा असं कुणी म्हणणार नाही.

भारतात याला कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याखाली केंद्राची एक समिती आणि प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी नैतिक समिती. तिच्यात केंद्राच्या समितीने नेमलेला माणूस बसतो. किती प्राणी, का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कशी कमी करणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. २०२३ मध्ये आपल्याकडच्या औषध चाचणी नियमांतही दुरुस्ती झाली आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, चिपवर उभारलेले अवयव अशा पर्यायांना जागा मिळाली. पण गिळताना उघडणारी, हवा आत सोडणारी, पाणी खाली उतरवणारी अख्खी नळी चिपवर उभी करणं अजून सोपं नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारासाठी प्राण्याचा जीव घ्यायचा असेल, तर निदान निकाल चांगला-वाईट कसाही आला तरी तो सगळ्यांना वाचता यावा. अर्धा निकाल फिरला की तो प्राणी फुकट गेला.

तीन महिने नुसतं बसायचं?

नाही. वाट बघणं म्हणजे लक्ष ठेवणं. पोराशी समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. बोलताना टीव्ही बंद. बालवाडीत पुढच्या रांगेत बसवायला सांगायचं. घरात धूर नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि ऐकण्याची चाचणी.

काही मुलांसाठी मात्र वाट बघायची नसते. आधीच बोलायला उशीर झालाय, टाळू दुभंगलेला आहे, डाऊन सिंड्रोम आहे, दिसायला कमी आहे किंवा ऐकण्याचा दुसरा दोष आहे, अशांच्या बाबतीत डॉक्टर लवकर पाऊल उचलतात. कारण बोलणं शिकायच्या वयातले सहा महिने परत मिळत नाहीत. आणि तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल, ऐकू कमी येत असेल, तर ग्रोमेटचा विचार होतो. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक पोकळ गुंडी. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ मध्ये ही नळी आणली आणि तेव्हापासून ती टिकून आहे. तिच्यातून थेट हवा जाते, म्हणजे बिघडलेल्या नळीला बगल दिली जाते. सहा महिने ते दीड वर्षात ती बहुतेकदा आपली आपण गळून पडते. भूल द्यावी लागते, हा तिचा तोटा. फवाऱ्याची इतकी ओढ आहे ती या भुलीच्या भीतीपायी, आणि ती भीती खोटी नाही.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती ऐकत नव्हती तेव्हा मी तिला उगाच रागावले." मी म्हटलं, तुला काय माहीत होतं. तिने दुसऱ्या दिवशी बालवाडीत जाऊन बाईंना सांगितलं, पोरीची जागा बदलली. नेब्युलायझर कपाटावरच राहिला.

मागच्या आठवड्यात तीन महिने पूर्ण झाले. पुन्हा तीच बॅटरी, तेच बोंडूक. उजव्या कानाचा डोंगर परत आलाय. डावा अजून सपाट आहे, पण ऐकण्याची चाचणी बरी आली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी परत बोलावलंय.